जुना कॉम्प्युटर दुसऱ्याला देताना यूजर अकाउंटचं काय करायचं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदललाय. नवीन मशीन घेतलं की जुनं भाचीला, बाबांना, नाहीतर कुठल्या तरी गरजू मुलाला द्यायचं असतं आणि देताना अकाउंटपाशी सगळे अडतात. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतलेत. फोटो डिलीट केले, आता काय राहिलंय, असं म्हणून लॅपटॉप देऊन टाकणारे खूप आहेत आणि त्यांची पत्रं वाचताना मला खरंच काळजी वाटते, तेव्हा जरा सविस्तर लिहितेय, सावकाश वाचा.

प्रश्न: ताई, माझा ४ वर्षं वापरलेला लॅपटॉप भाचीला द्यायचाय, विंडोज ११ आहे. सगळे फोटो, फाइली उडवल्या, रीसायकल बिन पण रिकामा केला. आता तिच्या नावाचं नवीन अकाउंट काढून देते आणि माझं तसंच राहू देते, म्हणजे तिला कधी काही अडलं तर मला आत शिरून बघता येईल. चालेल ना?

उत्तर: नको, असं करू नका. तुमची भाची गुणी असेलच, प्रश्न तिच्यावरच्या विश्वासाचा नाहीच आहे. उद्या तो लॅपटॉप तिच्या मैत्रिणीच्या हातात जाईल, परवा रिपेअरला जाईल, आणि तुमचं अकाउंट त्याच्यासोबत सगळीकडे फिरत राहील.

अकाउंट म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवरचं नाव आणि फोटो एवढंच नसतं. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, उघडी राहिलेली मेल, क्लाउडशी जोडलेले फोल्डर, असं बरंच काही त्याच्या पोटात असतं आणि घरच्या वायफायचा पासवर्ड तर अकाउंटच्याही बाहेर, अख्ख्या मशीनसाठी सेव्ह झालेला असतो. तुम्ही उडवल्यात त्या फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या फाइली. बरं, भाचीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलंत तर तुमचं फोल्डर ती कधीही उघडू शकते, विंडोज फक्त एकदा विचारतं आणि 'कंटिन्यू' दाबलं की उघडतं, पासवर्ड वगैरे काही लागत नाही. आणि तिला साधी यूजर ठेवलंत तर पुष्कळसं सॉफ्टवेअर टाकायला तिला तुम्हाला फोन करावा लागणार. म्हणजे दोन्हीकडून अडचणच.

मग माझं अकाउंट काढून टाकते, असं म्हणाल. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्समध्ये जाऊन रिमूव्ह केलं की त्या अकाउंटचं फोल्डर जातं हे खरं, पण डी ड्राइव्हवर टाकलेलं, किंवा सी ड्राइव्हवर यूजर फोल्डरच्या बाहेर कुठेतरी ठेवलेलं सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून अख्खं मशीन रीसेट करा.

त्याआधी ३-४ गोष्टी मात्र न विसरता करा. एक, बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून निर्धास्त राहू नका. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन फोल्डरं लोक हमखास विसरतात, शिवाय ब्राउझरचे बुकमार्क, आणि मेलसाठी कॉम्प्युटरवरचा वेगळा प्रोग्राम वापरत असाल तर त्याची फाइल. दोन, तुम्हाला तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय का ते तपासा, कारण वर्षानुवर्षं पिन टाकून उघडायची सवय लागलेली असते आणि पिन तर त्या एकाच मशीनपुरता असतो, ते पुसलं की तोही गेला, आणि मग नवीन लॅपटॉपवर लॉगिन करताना पासवर्ड आठवत नाही. तीन, मोजक्याच मशीनवर चालणारं एखादं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर आधी ते डीअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर तुमच्या लायसन्सची एक जागा उगाच अडून बसते. चार, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी बंद केलेली असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या याच कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर आहे का बघून ठेवा, मधेच कधीतरी ती मागितली जाते.

आता चार्जर लावा. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि तिथे 'रीसेट धिस पीसी'. (विंडोज १० असेल तर हेच 'अपडेट अँड सिक्युरिटी' मध्ये सापडेल.) पुढे दोन पर्याय येतात, 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. दुसरा घ्यायचा. मग विंडोज क्लाउडवरून आणायचं की मशीनमधलंच वापरायचं ते विचारतं, क्लाउड म्हटलंत तर ४ जीबीच्या वर डेटा जाऊ शकतो, नेट मोजून मिळत असेल तर लोकल घ्या. आणि 'चेंज सेटिंग्ज' उघडून 'क्लीन डेटा' हो करा, एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या पुसायचा पर्यायही तिथेच दिसतो. यानंतर कित्येक तास लागू शकतात, रात्री लावून झोपलात तरी चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतेय. रीसेट झाल्यावर मशीन आपोआप चालू होतं आणि देश कुठला, कीबोर्ड कुठला असं विचारायला लागतं. तिथे थांबा. काहीही भरू नका. पॉवरचं बटण दाबून धरून ते बंद करा आणि तसंच भाचीच्या हातात द्या. ती ते चालू करेल तेव्हा पहिला प्रश्न तिला विचारला जाईल आणि पहिलं अकाउंट तिचं असेल, तिच्या ईमेलचं, तिच्या पासवर्डचं. अ‍ॅक्टिव्हेशनची चिंता करू नका, विंडोजचं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं, नेटला लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. ऑफिस मात्र तुमच्या अकाउंटवर घेतलेलं असेल तर ते तुमच्याकडेच राहतं, तिला तिचं बघावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

शेवटी तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर डिव्हाइसेसच्या यादीतून तो लॅपटॉप काढून टाका.

प्रश्न: फॉरमॅट मारला की सगळं जातं असं एक जण सांगतो, दुसरा म्हणतो ७ वेळा पुसायला पाहिजे, तिसरा तर ३५ वेळा म्हणतो. नक्की खरं काय?

उत्तर: क्विक फॉरमॅटमध्ये फाइल कुठे आहे ती नोंद तेवढी जाते, आतला मजकूर बराचसा तिथेच असतो आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. ३५ चा आकडा पीटर गटमन या संशोधकाच्या १९९६ च्या लेखातून आलाय, तेव्हाच्या तऱ्हेतऱ्हेच्या हार्डडिस्क धरून तो हिशोब होता आणि नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की आताच्या डिस्कला त्याची गरज नाही. चालू स्थितीतल्या साध्या फिरत्या हार्डडिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट केलं तरी घरगुती डेटासाठी पुरतं.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर लिहिणाऱ्या डिस्कचं गणित वेगळं. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर दर वेळी वेगळ्या जागी लिहितो, त्यामुळे तुम्ही वरून कितीही वेळा ओव्हरराइट करा, काही कोपऱ्यांपर्यंत ते पोचतच नाही. तिथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) सिक्युअर इरेज वापरावं, नाहीतर आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून मग रीसेट करावं, म्हणजे चुकून काही उरलंच तर ते किल्लीशिवाय वाचताच येत नाही. विंडोजच्या रीसेटमधलं 'क्लीन डेटा' घरगुती वापरासाठी आहे, हे मायक्रोसॉफ्ट स्वतः लिहितं. तुमच्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट किंवा क्लायंटची कागदपत्रं असतील तर तेवढ्यावर विसंबू नका, सरळ डिस्क काढून ठेवा आणि नवीन डिस्क घालून मशीन द्या.

प्रश्न: माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. माझा जुना लॅपटॉप त्यांना देतोय. ते पहिले स्क्रीन त्यांना झेपणार नाहीत, म्हणून मीच सगळं सेट करून देणार आहे. माझ्याच अकाउंटने लॉगिन करून दिलं तर पटकन होईल, आणि त्यांनी चुकून काही बिघडवू नये म्हणून अ‍ॅडमिन मीच राहतो. काही सल्ला?

उत्तर: तुम्ही सेट करून द्या, त्यात काहीच गैर नाही, फक्त ते बाबांच्या शेजारी बसून करा आणि तुमचं अकाउंट त्यात अजिबात घालू नका. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. माझ्या मामांना मी एक मशीन दिलं होतं, घाईत होते, माझ्याच अकाउंटने लॉगिन करून दिलं आणि निघाले. महिन्याभरात त्यांचे फोटो माझ्या फोनवर दिसायला लागले आणि माझी कागदपत्रं त्यांच्या डेस्कटॉपवर, कारण दोन्हीकडे एकच क्लाउड सिंक होत होता. मामा स्वभावाने टापटीप, त्यांनी आपल्या उपयोगाच्या नसलेल्या फाइली नीट निवडून डिलीट केल्या आणि त्या माझ्याकडूनही गेल्या. क्लाउडच्या रीसायकल बिनमधून बऱ्याचशा परत आणता आल्या पण सगळ्या नाही, आणि मामांना जो अपराध्यासारखा चेहरा करून बसावं लागलं तो मी अजून विसरलेले नाही, चूक पूर्ण माझी होती.

तर आता असं करा. मशीन रीसेट करा, मग सेटअप चालू करा आणि बाबांचाच ईमेल वापरा, नसेल तर आधी काढून द्या, रिकव्हरीसाठी नंबर त्यांचाच घाला. विंडोज ११ होममध्ये पहिल्या सेटअपला नेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट दोन्ही मागतात. हे पहिलं अकाउंट आपोआप अ‍ॅडमिन होतं. मग अकाउंट्समधल्या अदर यूजर्समध्ये जाऊन 'अ‍ॅड अकाउंट', तिथे 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाची ओळ येते ती घ्या आणि पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडायचा पर्याय निवडा. हे झालं लोकल अकाउंट, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. यात पासवर्ड ठेवलात की विंडोज तीन सिक्युरिटी क्वेश्चन विचारतं, त्यांची उत्तरं लिहून ठेवा, पासवर्ड विसरल्यावर तीच कामाला येतात. एकदा या नवीन अकाउंटने लॉगिन होतंय हे स्वतः बघा, आणि मगच बाबांचं रोजचं अकाउंट स्टँडर्ड करा. हा क्रम उलटा करू नका, एकुलत्या एका अ‍ॅडमिनचा पासवर्ड चुकीचा लिहिलेला निघाला तर पुन्हा रीसेटपासून सुरुवात.

स्टँडर्ड अकाउंटने बाबांचं काही अडत नाही, मेल, व्हिडिओ कॉल, वाचन, लिखाण सगळं होतं. बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायचे म्हटलं की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. कुणी फोनवरून गोड बोलून 'हे डाउनलोड करा काका' म्हणालं तरी तिथे बहुधा एक अडसर येतो आणि विचार करायला एक क्षण मिळतो, आणि मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे ठेवू नका. मशीन बाबांचं आहे. तो पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्याच कपाटात त्यांच्या कागदपत्रांसोबत ठेवा, हवं तर तुम्हीही एक प्रत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हे आपण ऑफिसात ऐकलेलं असतं, घरात कपाटातला कागद चांगला सुरक्षित असतो, आणि तुम्ही प्रवासात असताना त्यांना प्रिंटर बसवायचा असेल तर तुमची वाट बघत बसायला लागू नये.

अजून एक छोटं पण नंतर फार त्रास देणारं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं की यूजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या ५ अक्षरांवरून पडतं आणि कधीकधी ते फार विचित्र दिसतं. अकाउंटचं दिसणारं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. आधी हव्या त्या नावाने लोकल अकाउंट काढून मग ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलं तर फोल्डर तुमच्या नावाचं होतं. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी चालतं पण काही जुनी सॉफ्टवेअर तसल्या फोल्डरपाशी अडतात. स्क्रीनवर दिसणारं नाव मग खुशाल मराठीत करा, बाबांना बरं वाटेल.

प्रश्न: सेकंडहँड लॅपटॉप घेतला. रीसेट मारला तरी सुरू करताना कुठल्या तरी कंपनीचं नाव येतं आणि त्या कंपनीचा ईमेल टाका म्हणतो. माझ्या मित्राने घेतलेला दुसरा लॅपटॉप ४८ आकडी की मागतो. दोघांचे पैसे बुडाले का?

उत्तर: या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा लॅपटॉप आधी कुठल्यातरी संस्थेचा होता आणि त्यांच्या यादीत तो अजून त्यांचाच आहे. ही नोंद लॅपटॉपमध्ये नसते, इंटरनेटवर असते, त्यामुळे रीसेट करा, विंडोज नव्याने टाका, नेट मिळालं की ते नाव परत येणार. ते काढू शकते फक्त ती संस्था. विकणाऱ्याला सांगा की त्यांच्याकडून मशीन रिलीज करून आणा, नाहीतर परत घ्या. नेट न लावता सेटअप उरकायच्या युक्त्या लोक सांगतात पण मी सुचवणार नाही, कारण ते मशीन रीतसर विकलेलं आहे की नाही हेच आपल्याला माहीत नसतं.

मित्राचं सोपं आहे. डिस्क आधीच्या मालकाच्या किल्लीने बंद आहे आणि ती की त्या मालकाच्या अकाउंटमध्ये आहे. आतला डेटा मित्राला नकोच आहे, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून बूट करायचं, डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवायची आणि नव्याने इन्स्टॉल करायचं. अडलं तर बायोसच्या पासवर्डपाशी अडेल. लॅपटॉपचा बायोस पासवर्ड बहुतेक मशीनमध्ये बॅटरी काढून जात नाही, तो आधीच्या मालकालाच विचारावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी घेताना पैसे द्यायच्या आधी मशीन तिथेच चालू करा, नेटला जोडा, आणि पहिल्या स्क्रीनपासून स्वतःचं अकाउंट बनेपर्यंत उठू नका. आणि देणाऱ्यांनो, तुम्ही बायोसला पासवर्ड लावला असेल तर तो काढून मगच द्या हो.

प्रश्न: मॅकबुक बहिणीला द्यायचाय, तिथे हेच सगळं लागू का?

उत्तर: तत्त्व तेच, बटणं वेगळी. टी२ चिपचा किंवा अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम मालिकेतल्या चिपचा मॅक असेल आणि त्यावर मॅकओएसची मॉन्टेरे ही आवृत्ती किंवा त्यापुढची असेल तर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय मिळतो. व्हेंचुरापासून पुढे तो सिस्टीम सेटिंग्जमध्ये, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट इथे आहे. तोच तुम्हाला अ‍ॅपल अकाउंटमधून साइन आउट करतो आणि 'फाइंड माय' बंद करतो, आणि हे फार महत्त्वाचं, कारण ते चालू राहिलं तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक राहतो आणि बहिणीला मशीन तुमच्या पासवर्डशिवाय सुरूच करता येणार नाही. विसरलात तर लांबूनही करता येतं, आयक्लाउडच्या साइटवरून ते मशीन तुमच्या अकाउंटमधून काढायचं. त्याहून जुना मॅक असेल तर आधी आयक्लाउड आणि मेसेजेसमधून हाताने साइन आउट करा, मग रिकव्हरीत जाऊन डिस्क पुसा आणि सिस्टीम नव्याने टाका. आणि वेलकमचा स्क्रीन आला की इथेही थांबायचं.

प्रश्न: ताई मी कॉलेजला आहे, आम्ही काही मित्र लोकांचे जुने डेस्कटॉप गोळा करून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकून शाळेतल्या मुलांना देतो, आत्ता १२ मशीन आहेत. कुठलं कुणाला जाणार ते आधी माहीत नसतं. सगळ्यांना यूजरनेम 'स्टुडंट' आणि पासवर्ड १२३४ ठेवतो आणि एकच इमेज, म्हणजे तयार डिस्कची हुबेहूब प्रत, सगळीकडे कॉपी करतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: आधी तुम्हा सगळ्यांचं मनापासून कौतुक. ज्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही ती विंडोज ११ च्या हिशोबाने बाद, पण लिनक्सवर ती अजून छान चालतात, तुम्ही ती वाया जाऊ देत नाही हे किती चांगलं आहे.

पण 'स्टुडंट' आणि १२३४ सोडून दे. मुलं पासवर्ड बदलत नाहीत, कसा बदलायचा हे कुणी दाखवलेलंच नसतं, आणि मग १२ घरांत एकाच पासवर्डची १२ मशीन. शिवाय उबंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांत इन्स्टॉल करताना बनलेल्या पहिल्या यूजरला सुडोचे, म्हणजे सगळं बदलायचे हक्क असतात, म्हणजे तो १२३४ अख्ख्या मशीनची किल्ली आहे.

तुमच्यासारख्यांसाठीच लिनक्स मिंटच्या बूट मेनूत 'ओईएम इन्स्टॉल' दिलेलं आहे. त्याने टाकलंस की तात्पुरता एक ओईएम नावाचा यूजर बनतो, त्यातून तू अपडेट कर, अभ्यासाचे प्रोग्राम टाक, प्रिंटर तपास, मराठी कीबोर्ड चालू करून ठेव. सगळं झालं की डेस्कटॉपवर मशीन वापरणाऱ्याकडे पाठवायला तयार करायचा आयकॉन असतो, तो चालव आणि बंद कर. पुढच्या वेळी ज्याच्या घरी ते चालू होईल त्याला भाषा, नाव, पासवर्ड विचारलं जातं आणि तो तात्पुरता यूजर आपोआप निघून जातो. मुलगा स्वतःचं नाव स्वतः टाइप करतो. ते करताना तुमच्यातलं कुणीतरी तिथे असा, पासवर्ड कसा निवडायचा आणि नंतर कसा बदलायचा ते त्याच वेळी त्याच्याकडून करून घ्या, ५ मिनिटांचं काम आहे.

इमेज कॉपी करायचीच असेल तर दोन गोष्टी सांभाळ. लिनक्स प्रत्येक इन्स्टॉलला एक मशीन आयडी देतं आणि एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) टाकलेलं असेल तर त्याच्या होस्ट की, म्हणजे मशीनच्या ओळखीच्या किल्ल्या असतात, क्लोन केलं की त्या सगळीकडे सारख्या होतात, तेव्हा क्लोन करायच्या आधी त्या काढ आणि प्रत्येक मशीनवर नव्याने बनू दे. विंडोजच्या इमेजला याच कामासाठी सिसप्रेप नावाचं टूल आहे. आणि डिस्क एन्क्रिप्शन तू स्वतः लावू नकोस, कारण तो पासफ्रेज तुझा ठरतो आणि मुलाच्या घरी गेल्यावर तो बदलायचा राहूनच जातो.

आणखी एक, कुणी दिलेलं लिनक्सचं मशीन असेल आणि तू त्यातला जुना यूजर काढून नवीन बनवणार असशील तर सावध. फाइलची मालकी लिनक्समध्ये नावावर नाही, नंबरवर असते. पहिल्या यूजरचा नंबर बहुधा १०००. जुना यूजर काढला पण त्याच्या फाइली कुठेतरी पडून राहिल्या आणि नव्या यूजरला तोच १००० मिळाला, की त्या सगळ्या फाइली नव्याच्या नावावर दिसायला लागतात. म्हणून दिलेल्या मशीनवर डागडुजी नको, डिस्क पूर्ण पुसूनच सुरुवात कर. देणाऱ्यांना डेटा परत हवा होता का हे मात्र पुसायच्या आधी एकदा फोन करून विचार, माणसं विसरतात आणि त्यांच्या लेकरांचे फोटो त्यातच असतात.

प्रश्न: तुमचा कॉलम वाचून धसका घेतला. मी ६ महिन्यांपूर्वी शेजारच्या मुलाला लॅपटॉप दिला, काहीच न करता, माझ्या अकाउंटसकट. आता परत मागायला फार ओशाळल्यासारखं होतंय. काय करू?

उत्तर: ओशाळू नका, तुम्ही प्रेमाने दिलाय. आणि मशीन हातात नसतानाही आजच्या आज बरंच करता येतं, या क्रमाने करा.

आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या पासवर्डच्या चाव्या मेलमधूनच मिळतात. मग गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हाइसेस' उघडा, तो लॅपटॉप दिसेल, त्याच्यावरून साइन आउट करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावरून तो यादीतून काढा, पण त्याआधी तिथे त्या मशीनची बिटलॉकर की दिसत असेल तर लिहून घ्या, त्या मुलाला ती लागू शकते. मग बँक, सोशल मीडिया, खरेदीच्या साइट, म्हणजे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं जे जे आठवेल त्याचे पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावून टाका. तुम्ही ब्राउझरमध्ये साइन इन केलेलं असलं तर सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी आत्ताच्या मशीनवरही दिसते, तीच समोर ठेवून एकेक करा, म्हणजे सुटणार नाही. घरचं वायफाय अजून तेच असेल तर त्याचाही बदला.

एवढं केल्यावर ऑनलाइनचं दार बंद होतं, पण लॅपटॉपच्या डिस्कवरच्या फाइली तिथेच आहेत, त्या लांबून पुसता येत नाहीत. त्यासाठी त्या मुलाशी बोलायलाच हवं. परत मागू नका, त्याला सरळ सांगा, 'अरे देताना मी तो नीट करून दिला नव्हता, तू तुझ्या फाइली कॉपी करून घे, मग आपण दोघं बसून तो तुझ्या नावाचा करू.' ६ महिने तो तुमच्या नावाने लॉगिन करतोय, त्यालाही ते खुपत असणारच. त्याची कागदपत्रं, त्याचे प्रोजेक्ट तुमच्याच यूजर फोल्डरमध्ये साठलेले असतील, तेव्हा रीसेट दाबायच्या आधी ते पेनड्राइव्हवर गेलेत का हे दोघांनी मिळून उघडून बघा. मग रीसेट, आणि देश विचारणारा स्क्रीन आला की कीबोर्ड त्याच्याकडे सरकवा.